हरणाऱ्याची वही

६ सप्टेंबर १९६५ रोजी सूर्यास्ताच्या सुमारास पंजाबातील हलवारा हवाईतळावर पाकिस्तानी हवाई दलाच्या तीन सेबर विमानांनी धाड घातली. तळावर त्या वेळी भारतीय हवाई दलाच्या सातव्या स्क्वाड्रनची दोन हंटर विमाने गस्त घालत होती. एकात फ्लाइंग ऑफिसर प्रकाश सदाशिवराव पिंगळे होते, दुसऱ्यात फ्लाइंग ऑफिसर आदी रुस्तम गांधी. सेबर तुकडीचे नेते स्क्वाड्रन लीडर सरफराज रफीकी यांनी पिंगळे यांच्या विमानाचा वेध घेतला आणि पिंगळे यांना हवाईछत्रीने उडी घ्यावी लागली. थोड्याच वेळात गांधींवरही तीच पाळी आली. तोवर सत्ताविसाव्या स्क्वाड्रनचे राठोड आणि नेब आपली हंटर विमाने घेऊन झुंजीत उतरले होते. झुंज संपली तेव्हा रफीकी आणि त्यांचे साथीदार युनूस हुसेन मृत्यू पावले होते. तिसरे वैमानिक सेसिल चौधरी तेवढे परत गेले.

दहा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, तेच पिंगळे पुन्हा हंटरमध्ये बसून गस्तीवर होते. या वेळी साथीला फ्लाइंग ऑफिसर फारोख दारा बुनशा होते. समोर दोन सेबर आली. एकात स्क्वाड्रन लीडर एम. एम. आलम, दुसऱ्यात शौकत नावाचा तरुण वैमानिक. आलम यांनी बुनशांचे विमान पाडले. बुनशा त्यात गेले. पिंगळे यांनी शौकत यांचे सेबर पाडले. शौकत छत्रीने उतरले आणि युद्धकैदी झाले. पिंगळे आपले विमान घेऊन सुखरूप परतले. या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले.

पिंगळे हे आडनाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतात, तसे माझेही टवकारले. पण मला धरून ठेवले ते नावाने नव्हे, त्या दहा दिवसांनी. जी विद्या हरून शिकावी लागते आणि जिच्यात हरणारा बहुधा परत येत नाही, ती विद्या माणसाने शिकायची कशी? विमानाला विमान एकेकटे भिडते त्या हवाई झुंजीचा हा मूळ पेच आहे. गेली काही वर्षे संगणकावरच्या सिम्युलेटरच्या मदतीने मी तो समजून घेण्याचा प्रयत्न करतो आहे. विमानाच्या शिडीवर मी कधी पाय ठेवलेला नाही. पोंभुर्ण्याच्या आकाशात दिसतात ती फार उंचावरून जाणारी प्रवासी विमाने, आणि जवळचा मोठा विमानतळ म्हणजे नागपूर. पण एक जुना संगणक, एक जॉयस्टिक आणि वीज टिकली तर रात्रीचे दोन तास एवढ्या भांडवलावर मला शेकडो वेळा हरता आले. हा लेख त्या हारींतून उभा राहिला आहे.

झोका आणि तलाव

माझ्या सिम्युलेटरमध्ये हंटर नाही. सेबर आहे आणि कोरियाच्या युद्धात तिच्यासमोर उभे राहिलेले मिग-१५ आहे. मी मिग घेतो, संगणकाला सेबर देतो. सुरुवातीला मी काय करत असे? सेबर दिसली की तिच्याकडे वळायचे, ती वळली की आणखी कडक वळायचे, जॉयस्टिक पोटापर्यंत ओढून धरायची. अर्ध्या मिनिटात माझे विमान मंदावून डुगडुगू लागे आणि सेबर शांतपणे पाठीमागे येऊन बसे. एकदा दिवाळीच्या सुट्टीत आलेला भाचा मागे उभा राहून हे पाहत होता. तो म्हणाला, "मामा, तुम्ही नुसते फिरून राहिले. वेग कुठं ठेवला?"

त्याच्या प्रश्नात सगळे शास्त्र आहे. झोक्याकडे पाहा. झोका सर्वांत खाली असतो तेव्हा त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. वरच्या टोकाला तो क्षणभर थांबतो, पण तो वेग नाहीसा झालेला नसतो. उंचीच्या रूपाने साठलेला असतो. विमानाचेही तसेच. उंची सोडली की वेग मिळतो, वेग दिला की उंची मिळते. हिशेब साधा आहे. वेगाचा वर्ग करून त्याला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागले की त्या वेगाची किंमत उंचीच्या मापात मिळते. ताशी ७२० किलोमीटर वेगाची किंमत सुमारे २,००० मीटर उंचीइतकी होते. म्हणजे दोन विमाने एकाच पातळीवर दिसत असली तरी एक ७२०च्या वेगाने आणि दुसरे ५४०च्या वेगाने उडत असेल, तर पहिल्याच्या गाठीला जवळजवळ ९०० मीटर उंची जास्त आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. वेग चौथाईने कमी झाला, पण वेगातली ठेव मात्र जवळजवळ निम्मी झाली.

झोक्याची उपमा इथे संपते, कारण झोक्याची देवघेव जवळजवळ बिनतोट्याची असते. विमानाची नसते. आमच्या भागात धानाला पाणी देणारे माजी मालगुजारी तलाव आहेत. तलावाचे पाणी उंचावर आहे तोवर त्याचा धाक आहे. तुडुंब एकदा उघडले की ते पाणी शेतात जाते, परत तलावात चढत नाही. विमान कडक वळण घेते तेव्हा हेच होते. सरळ उडताना पंखाला विमानाचे वजन तेवढे पेलायचे असते. विमान ७५ अंशांवर कलवून पातळी न सोडता वळवले तर पंखाला वजनाच्या जवळजवळ चौपट भार पेलावा लागतो. आणि हा भार चौपट झाला की त्यापोटी हवेची जी ओढ निर्माण होते, ती त्याच वेगाला सोळापट होते. इंजिन एवढी ओढ भरून काढू शकत नाही. मग वेग जातो, किंवा वेग टिकवायचा तर उंची जाते. दोन्हीही त्याच तलावातले पाणी.

झुंजीकडे अशा जमाखर्चाच्या नजरेने पाहायला शिकवले ते अमेरिकन वैमानिक जॉन बॉइड यांनी. नेलिस तळावर शिक्षक असताना त्यांची एक पैज प्रसिद्ध होती: नवख्याला आपल्या शेपटीमागे बसवून झुंज सुरू करायची आणि चाळीस सेकंदांच्या आत उलट त्याच्या मागे जाऊन बसायचे, न जमल्यास चाळीस डॉलर द्यायचे. १९६०च्या सुमारास त्यांनी हवाई झुंजीचे डावपेच सूत्रबद्ध लिहून काढले. पुढे एग्लिन तळावर टॉम ख्रिस्ती या गणितज्ञाच्या साथीने प्रत्येक विमानासाठी, कोणत्या उंचीवर आणि कोणत्या वेगाला त्याची ठेव वाढते व कोठे घटते, याचे आलेख तयार केले. आपल्या आणि शत्रूच्या विमानाचे आलेख एकावर एक ठेवले की झुंज कुठे करावी आणि कुठे करू नये हे कागदावरच दिसू लागले.

वळणाचे माप

तरीही वळावे लागतेच. बंदुका नाकाच्या दिशेने रोखलेल्या असतात. शत्रूकडे नाक वळल्याशिवाय गोळी लागत नाही, म्हणून झुंज म्हणजे शेवटी नाक वळवण्याची शर्यत आहे.

वळणाची दोन मापे असतात आणि ती वेगवेगळी ठेवली नाहीत तर गोंधळ होतो. एक माप म्हणजे वर्तुळ किती लहान. दुसरे म्हणजे ते किती लवकर पूर्ण होते. चौपट भार पेलत ताशी ७२० किलोमीटर वेगाने वळणाऱ्या विमानाच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे १,०५० मीटर भरते आणि पूर्ण फेरीला सुमारे ३३ सेकंद लागतात. तेवढाच भार पेलत वेग ५४० वर आणला तर त्रिज्या ५९० मीटरवर येते आणि फेरी २५ सेकंदांत होते. त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग थोडा वाढला तरी वर्तुळ फार पसरते.

मग सगळ्यांनी हळूच का उडू नये? कारण फार मंद विमानाचा पंख चौपट भार पेलूच शकत नाही. हवा त्याला सोडून जाते आणि विमान निसटते. फार वेगात विमानाचा सांगाडा आणि आतला माणूस यांची मर्यादा आड येते. या दोहोंच्या मध्ये एक वेग असा असतो की जिथे पंख आणि माणूस दोघांची मर्यादा एकदमच गाठली जाते. त्या वेगाला वळण सर्वांत चांगले होते. अनुभवी वैमानिक झुंजीत त्याच वेगाच्या आसपास राहण्याची धडपड करतो. अडचण अशी की त्या वेगाला कडक वळत राहिले तर तलाव सर्वांत लवकर रिकामा होतो. वळण केव्हा विकत घ्यायचे आणि केव्हा काटकसर करायची, हा निर्णय दर दोन-तीन सेकंदांनी नव्याने करावा लागतो.

आतल्या माणसाचे काय होते हेही आकड्यात पाहावे. चौपट भारात ७० किलो वजनाचा माणूस २८० किलोंचा होतो. मान वर करून मागे पाहायची तर शिरस्त्राणासकट डोक्याचे ओझे चौपट झालेले असते. रक्त पायांकडे उतरते, नजरेतला रंग उडतो, कडा काळवंडत येतात. सिम्युलेटर पडदा करडा करून याची आठवण देतो. पण मी खुर्चीत बसलेलो असतो आणि माझी मान दुखत नाही.

मागावरचे कुत्रे

सशाच्या मागे लागलेले कुत्रे ज्याने पाहिले आहे त्याला पाठलागाचे तीन प्रकार सहज कळतील. नवखे कुत्रे ससा जिथे आहे तिथे धावते. ससा शेवटच्या क्षणी काटकोनात वळतो आणि कुत्रे वेगाने पुढे निघून जाते. जाणते कुत्रे ससा जिथे पोचणार आहे तिथे आडवे जाते. आणि तिसरा प्रकार असा, की घाई न करता सशाच्या वर्तुळाच्या जरा बाहेरून, मागे राहून अंतर टिकवत चालायचे.

विमानांतही हेच तीन माग आहेत. शत्रूच्या पुढे नाक ठेवले तर अंतर पटकन कमी होते आणि गोळीही तशीच पुढे झाडावी लागते, कारण गोळी पोचेपर्यंत तो पुढे सरकलेला असतो. नेमके त्याच्यावर नाक ठेवले तर हळूहळू त्याच्या शेपटीकडे ओढले जातो. त्याच्या मागे नाक ठेवले तर अंतर राहते, वेग राहतो, आणि तो आपल्याला नजरेत ठेवण्यासाठी मान मोडत राहतो. नवखा वैमानिक पहिला माग फार लवकर धरतो. माझ्या वहीतल्या बहुतेक हारींचे कारण हेच आहे. मी सेबरपेक्षा सेकंदाला ५० मीटर अधिक वेगाने तिच्यावर चाल करी. ६०० मीटरचे अंतर बारा सेकंदांत संपे. ती वळे, मी बाहेर फेकला जाई आणि शिकारीचा ससा होई.

यावरचा उपाय समजायला मला फार वेळ लागला, कारण तो जमिनीवरच्या कुत्र्याला उपलब्ध नाही. वेग जास्त झाला असेल तर आडवे वळण आवळायचे नाही, वर जायचे. चढताना जादा वेग उंचीच्या रूपाने बाजूला ठेवला जातो, विमान मंदावते, वर्तुळ लहान होते. वरून खाली पाहिले की शत्रू अजून आपले मोठे वर्तुळ फिरतच असतो. मग त्याच्या मागच्या जागेत उतरायचे आणि ठेवलेला वेग परत घ्यायचा. उलट वेग कमी पडून अंतर तुटत नसेल तर नाक थोडे खाली घालून, वर्तुळाच्या आतून वाट काढत वेग मिळवायचा. इंग्रजी बोलणारे वैमानिक या दोन्हीला 'यो-यो' म्हणतात.

आमच्याकडे शेताच्या तारेवर बसणारा कोतवाल पक्षी ही विद्या रोज दाखवतो. घरट्याकडे आलेल्या कावळ्याशी किंवा शिक्र्याशी तो बरोबरीने वळत बसत नाही. वर जातो, पाठीवर येतो, चोच मारून पुन्हा वर जातो. त्याच्याहून कितीतरी मोठा पक्षी खाली मान घालून निघून जातो.

आणि मागे लागलेला फारच जवळ, फारच वेगात आला तर? मग पुढच्याला एक संधी असते. तो उलट्या बाजूला वळतो, मागचा त्याच्यावरून जातो, तोही उलट वळतो. दोघे नागमोडी एकमेकांना छेदत जातात. या कात्रीत जिंकतो तो सावकाश जाणारा. जो दुसऱ्याला पुढे जायला भाग पाडील त्याच्यासमोर दुसऱ्याची पाठ येते. शर्यतीत मागे पडणारा जिंकतो, अशी ही बहुधा एकमेव शर्यत असेल.

हंटर आणि सेबर

आता १९६५कडे परत जाऊ. हंटर सेबरपेक्षा वजनाने जड, पण तिचे एव्हॉन इंजिन सेबरच्या इंजिनापेक्षा बरेच ताकदवान. म्हणून वेग धरण्यात आणि चढण्यात हंटर सरस. तिच्या नाकाखाली ३० मिलिमीटरच्या चार तोफा. एक ओझरता मारा बसला तरी समोरचे विमान वाचणे कठीण. सेबरच्या नाकात १२.७ मिलिमीटरच्या सहा बंदुका, आणि तिच्या पंखाच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणाऱ्या झडपा. या झडपांमुळे कमी वेगातही हवा पंखाला धरून राहते आणि सेबर अगदी लहान वर्तुळात वळू शकते.

दोन विमाने समोरासमोर येऊन एकमेकांशेजारून निघून जातात, तिथे झुंजीचा पहिला निर्णय होतो. दोघेही आपापल्या डावीकडे वळले तर त्यांची वर्तुळे दोन बाजूंना पडतात. जो लवकर फेरी पूर्ण करील त्याचे नाक आधी समोर येते. इथे फेरीचा वेळ महत्त्वाचा. पण एक डावीकडे आणि दुसरा उजवीकडे वळला तर दोघे एकाच बाजूला, जवळजवळ एकाच वर्तुळात येतात. इथे लहान वर्तुळवाला दुसऱ्याच्या आत शिरतो. सेबरच्या वैमानिकाचे हित दुसऱ्या प्रकारात, वेग उतरत जाणाऱ्या झुंजीत आणि कात्रीत. हंटरच्या वैमानिकाचे हित वेग राखण्यात, वर जाण्यात आणि जमत नसेल तर सरळ निघून जाण्यात. दोन्ही विमाने चांगली होती. प्रश्न होता तो झुंज कोणाच्या अंगणात खेळली जाते याचा.

कागदावर हे दोन परिच्छेदांत संपते. आकाशात मात्र आधी शत्रू दिसावा लागतो. हवाई युद्धांच्या इतिहासातील बहुसंख्य बळी झुंजीत हरलेले नाहीत. त्यांना मारेकरी दिसलाच नाही. म्हणूनच जर्मन वैमानिक ऑस्वाल्ड बोएल्के यांनी १९१६ साली नवशिक्यांसाठी नियम लिहिले त्यांत पहिलाच नियम हल्ल्याआधी वरचढ जागा मिळवण्याचा, शक्य तर सूर्य पाठीशी ठेवण्याचा आहे. हे नियम आजही शिकवले जातात. ते लिहिले त्याच वर्षी, २८ ऑक्टोबरला, बोएल्के मृत्यू पावले. शत्रूच्या गोळीने नव्हे, तर झुंजीच्या धुमश्चक्रीत आपल्याच साथीदाराच्या विमानाशी घासून. नियम लिहिणाऱ्यालाही आकाश पुरते दिसत नाही.

ज्याची वही मिळत नाही

इथे मी सुरुवातीच्या पेचाकडे येतो. हवाई झुंजीविषयी जे काही लिहिले गेले आहे ते जवळजवळ सगळे जिंकणाऱ्यांनी, निदान वाचणाऱ्यांनी लिहिले आहे. जिंकणाऱ्याला आपण काय केले ते ठाऊक असते. समोरच्याची नेमकी चूक कोणती, त्याला काय दिसत होते, तो कशात गुंतला होता, हे ठाऊक नसते. ते ज्याला ठाऊक असते तो बोलायला उरत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण त्याच युद्धातले आहे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या सरगोध्यावरील हल्ल्यातून परतले नाहीत. त्यांचे मिस्टेअर विमान ध्वनीच्या वेगाच्या अलीकडचे. त्यांच्यामागे लागलेले पाकिस्तानी स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे. वेगाच्या हिशेबात ही झुंज व्हायलाच नको होती. पण स्टारफायटरचे पंख आखूड. ते वळण्यासाठी केलेले विमानच नव्हे. मंद मिस्टेअरशी ते घोळात सापडले आणि देवय्यांनी ते पाडले. त्याचे वैमानिक अमजद हुसेन छत्रीने उतरून वाचले. देवय्या गेले. भारतात कोणालाच याची कल्पना नव्हती. पाकिस्तानच्या बाजूने लिहिल्या गेलेल्या जॉन फ्रिकर यांच्या पुस्तकातून १९७९ साली ही हकीकत बाहेर आली आणि १९८८ साली देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. तेवीस वर्षे! एका झुंजीचा धडा, आणि एका माणसाचा मान, एवढा काळ सीमेपलीकडे पडून होता, कारण सांगणारा परत आला नव्हता.

पिंगळे यांचे दहा दिवस मला या पार्श्वभूमीवर दिसतात. ६ सप्टेंबरला हरूनही ते जमिनीवर जिवंत उतरले. सेबर कशी येते, कोठून येते, किती वेळ मिळतो, हे ज्याला अंगावर घेऊन कळले आणि तरी दुसरी पाळी मिळाली, असे वैमानिक थोडे. दुसऱ्या पाळीच्या सोबतीला असलेल्या बुनशांना ती मिळाली नाही. ६ तारखेच्या विजेत्या रफीकींनाही नाही. पाकिस्तानी वृत्तांत सांगतात की ऐन झुंजीत त्यांच्या बंदुका बंद पडल्या होत्या आणि तरी ते साथीदारांची पाठ राखत थांबले.

हार वाचवण्याचे कारखाने

व्हिएतनामच्या युद्धातील हानीचा अभ्यास करताना अमेरिकन हवाई दलाला एक गोष्ट आढळली. वैमानिकाने लढाईतली पहिली दहा उड्डाणे पार केली की त्याच्या जगण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणजे जो शिकत होता तो याच दहांत शिकत होता, आणि मरत होता तोही याच दहांत. मग ही पहिली दहा उड्डाणे घरीच, खोट्या शत्रूशी, खोट्या गोळ्यांनी का करून घेऊ नयेत? १९७५ साली नेलिस तळावर 'रेड फ्लॅग' हा सराव सुरू झाला तो या विचारातून. त्याआधी १९६९ साली अमेरिकन नौदलाने हवाई झुंजीची वेगळी शाळा काढली होती. १९७१ साली आपल्या हवाई दलानेही आदमपूर येथे डावपेचांचा विकास आणि प्रशिक्षण यांसाठी स्वतंत्र स्क्वाड्रन उभारले. तीच संस्था आज 'टॅकडी' या नावाने ग्वाल्हेरला आहे. २००८ साली भारतीय सुखोई-३० विमाने स्वतः रेड फ्लॅगमध्ये उतरली.

या सर्व संस्थांचा गाभा आकाशात नसतो. तो उड्डाणानंतरच्या खोलीत असतो. तिथे झुंज पुन्हा मांडली जाते, प्रत्येक वळण फळ्यावर काढले जाते आणि 'मेलेल्या' वैमानिकाला विचारले जाते: अमुक क्षणी तुला काय दिसत होते? जे देवय्यांना कोणी विचारू शकले नाही, ते विचारण्याची ही व्यवस्था आहे.

घरच्या सिम्युलेटरचे मोलही मला इथेच वाटते. त्यात झुंजीची नोंद राहते. हरल्यावर मी ती मागे नेतो, सेबरच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि तिच्या नजरेने स्वतःला पाहतो. गंमत म्हणजे ज्या क्षणी मी हरलो असे मला वाटलेले असते, तो क्षण जवळजवळ कधीच खरा नसतो. मी गोळी लागल्याचा क्षण धरतो. नोंद दाखवते की झुंज त्याआधी अर्धा मिनिट, कधी पहिल्याच भेटीत गेलेली होती: नको तिथे घेतलेले एक कडक वळण, नाहक सोडलेली तीनशे मीटर उंची, दोन सेकंद खाली यंत्रांकडे गेलेली नजर. म्हणून वहीत मी 'कसा मेलो' असा रकाना ठेवला होता तो खोडून 'केव्हा हरलो' असा केला. त्या दिवसापासून माझ्यात सुधारणा झाली. अजूनही मी पुष्कळदा हरतो, पण आता तलाव रिकामा होताना मला कळते.

सिम्युलेटर जे शिकवत नाही ते मात्र नीट मांडले पाहिजे, कारण त्याची भूल पडते. मान चौपट जड होत नाही. पडद्याची चौकट आकाशाला खिडकीएवढे करते. इंधन संपत आले तर पोटात गोळा येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, समोरच्या सेबरमध्ये कोणी नसते. त्यामुळे मी जे धाडस करतो ते धाडस नसते. तो फक्त प्रयोग असतो. बुद्धीचा भाग शिकता येतो, धीराचा नाही. हे न ओळखता पडद्यावरच्या विजयावर फुशारकी मारणारे, आणि त्या बळावर प्रत्यक्ष युद्धाविषयी हिरिरीने बोलणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की त्यांनी एकदा नोंद उलटी लावून हरलेल्याच्या खुर्चीत बसून पाहावे.

मध्यंतरी एका रात्री मी प्रथमच मिग वर नेऊन, झोका पुरता थांबेपर्यंत वाट पाहून, सेबरच्या मागे नीट उतरलो. गोळी झाडली. सेबर जळत खाली गेली. संगणकाने नेहमीप्रमाणे विचारले, पुन्हा सुरू करायचे का? त्या बटणावर मी रोज बोट ठेवतो. त्या रात्री ठेवले नाही. वही उघडली आणि नेहमीच्या रकान्यात, या वेळी सेबरच्या बाजूने, ती केव्हा हरली ते लिहायला बसलो.